इरॅस्मस मुंडुस: एक डिग्री, तीन देश आणि पोस्टाची पावती

मी सांगलीची. सिव्हिल झाल्यावर पाण्याच्या विषयात इरॅस्मस मुंडुसची जॉइंट मास्टर्स केली, म्हणजे युरोपियन युनियनच्या योजनेतली, वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांनी मिळून चालवलेली मास्टर्स. नुकतीच परत आलेय. दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, 'करावी का गं?' म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारी आहेत, आणि तिथल्या सरांचं शिफारसपत्र मला अजून लागणार आहे.

आधी पैसे. युरोपियन युनियनची शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. विमान, व्हिसा, भाडं, जेवण सगळं त्यातच भागवायचं. भागतं. फक्त माझा पहिला हप्ता नोव्हेंबरात पडला, तोवर घराचं डिपॉझिट मामाच्या पैशांतून गेलं होतं. दोन-अडीच लाख हाताशी ठेवूनच निघा. शिष्यवृत्ती नसती तर मी गेलेच नसते.

शिकवण्याला मात्र पैकीच्या पैकी. पहिलं वर्ष इटलीत. तिथे माझ्या बहुतेक परीक्षा तोंडी झाल्या. सर समोर बसवून विचारतात, तिथल्या तिथे गुण सांगतात आणि वर म्हणतात, 'घेणार का?' नको असतील तर पुन्हा बसायचं. भूजलात मला तीसपैकी २३ सांगितले. आयुष्यात कुठल्या सरांना 'नको' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. पुढच्या खेपेला २८ मिळाले. तिसरं सत्र जर्मनीत. तिथे १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे काठावर पास. '१.७ मिळाले' असं आईला फोनवर सांगितलं, तर पलीकडे चिडीचूप. प्रबंध पोर्तुगालात, तिथे गुण वीसपैकी. या तिन्हींचा मेळ घालायचा तक्ता कोर्सकडे असतो. तो प्रवेश घेण्याआधीच मागून घ्या, नंतर वाद घालून उपयोग नाही.

खरी गोम वेगळीच आहे. करारावर सह्या तीन विद्यापीठांच्या असतात, व्हिसा-परवान्याच्या कचेऱ्यांच्या नसतात. इटलीत उतरल्यावर कामाच्या आठ दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा, त्यावर १६ युरोचं महसुली तिकीट. हातात येते एक पावती. कार्ड मिळेपर्यंत तीच तुमची सगळी कागदपत्रं. मी दहा महिने तिच्यावर काढले. घडीवरचा आकडा पुसट झाला, मागून चिकटपट्टी लावली, बँकेतली बाई ती उजेडात धरून वाचायची. कार्ड आलं तेव्हा त्याची मुदत संपायला पाच आठवडे उरले होते! त्या जोरावर जर्मनीला जाता येईना. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले ती आमरसाला नाही, मुंबईत जर्मन व्हिसाच्या रांगेत उभी राहायला. कोऑर्डिनेटर बाई मेलवर फार गोड बोलायच्या, काम मात्र माझं मीच निस्तरलं. बरोबरच्या युरोपियन मुलांनी ट्रेनचं तिकीट काढलं आणि गेली.

इतकी वणवण नको असेल तर आपल्याकडेही सोय झालीय. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पात्र भारतीय विद्यापीठं परदेशी विद्यापीठाबरोबर जॉइंट डिग्री देऊ शकतात. दोन्हीकडे किमान ३० टक्के क्रेडिट करावे लागतात आणि त्या डिग्रीला वेगळं समकक्षता प्रमाणपत्र (परदेशी डिग्री आपल्याकडच्या डिग्रीइतकीच, असा दाखला) लागत नाही. माझ्या डिग्रीला लागतं. त्या फायलीत आता मंत्रालयाचा शिक्का, अपोस्टील (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनची सरकारी मोहर) आणि तीन भाषांतले कागद आहेत.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक पावतीचा.

गेल्या महिन्यात पुण्यात नोकरीचा ऑनलाइन फॉर्म भरत होते. 'विद्यापीठ' या रकान्यात एकच नाव निवडता येत होतं. यादी वरखाली केली. जर्मनी नाही, पोर्तुगाल नाही. इटलीचं होतं, तेच टाकलं.