‘संपूर्ण हिशेब मिळाला’ या ओळीखाली मी सही केली

मार्च 2019. कुपवाड एमआयडीसीतली आमची पावडर कोटिंगची शेड. भागीदारीतून मी बाहेर पडतोय असा 500 रुपयांच्या स्टॅम्पवरचा दस्त इंग्रजीत टाइप केलेला होता. हुकांना लटकलेल्या खिडक्यांच्या ग्रिल्स ओव्हनमध्ये जात होत्या आणि माझ्या बोटांना राखाडी पावडर लागलेली. पान उलटताना अंगठ्याचा डाग सहीशेजारीच उमटला. झेरॉक्सवरही तो स्पष्ट दिसतो. पुढची चार वर्षं ती झेरॉक्स मी इतक्या लोकांसमोर ठेवली, की आता डोळे मिटूनही डाग कुठे आहे ते सांगेन.

भागीदार शाळेपासूनचा मित्र. 2011 पासून निम्मी-निम्मी भागीदारी, फर्म रीतसर रजिस्टर केलेली. भांडण असं नव्हतंच. त्याला धंदा वाढवायचा होता, मला उधारीचा वीट आला होता. दोघांतला एक गेला की फर्म उरत नाही, म्हणून त्याच दिवशी त्याच्या मेहुण्याला आत घेतलं आणि मला ‘निवृत्त’ दाखवलं. सीए दोघांचा एकच. फर्म पुढे कोणाकडे राहणार आणि फी कोण देणार, याचा विचार तेव्हा मनात आला नाही. त्यातली लबाडी कुणाची किती, हे आजही मला सांगता येत नाही.

हिशेब ताळेबंदावरून झाला. ओव्हन आणि बूथ आम्ही 9 लाखांना घेतले होते. दरवर्षी 15 टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, वजा करत गेलं की आठ वर्षांनी वहीत ते अडीच लाखांच्याही खाली उतरतात. बाजारात विकायला काढले असते तर त्याच्या दुप्पट सहज आले असते. गिऱ्हाइकांची यादी, आठ वर्षांचं नाव, त्याची किंमत शून्य. मला 12 लाख ठरले. मी म्हटलं, जाऊ दे, मैत्रीत एवढं ताणायचं नसतं.

त्या 12 लाखांचे दोन-दोन लाखांचे सहा चेक, पुढच्या तारखांचे. दस्तात मात्र चेकचा नंबर नाही, तारीख नाही. ओळ एवढीच: हिश्श्याची संपूर्ण रक्कम मिळाली, कोणतंही येणं बाकी नाही. मी विचारलं, अजून मिळाली कुठे? तो हसला. ‘अरे, चेक हातात आहेत ना तुझ्या?’

मे आणि जुलैचे चेक वटले. सप्टेंबरच्या चेकच्या आदल्या रात्री त्याचं व्हॉट्सॲप आलं: ‘टाकू नको, पार्टीचं पेमेंट अडकलंय, बाउन्स झाला तर सिबिल जाईल.’ थांबलो. नोव्हेंबरलाही तेच. चेकचं आयुष्य तारखेपासून तीन महिन्यांचं. वेळेत टाकून परत आला असता तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस देऊन, तरीही पैसे आले नाहीत तर चेक न वटल्याची कलम 138 ची फौजदारी तक्रार करता आली असती. मी टाकलाच नाही, त्यामुळे गुन्हाही घडला नाही. मार्च 2020 चा चेक लॉकडाउनमध्ये गेला. चार चेक माझ्याच कपाटात मेले.

खरा दणका नोव्हेंबर 2022 मध्ये बसला. जीएसटीची नोटीस घरच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. मी गेल्यानंतरच्या महिन्यांत फर्मने खोट्या बिलांवर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उचललं होतं आणि पोर्टलवर भागीदार म्हणून माझं नाव तसंच होतं. निवृत्तीची माहिती एका महिन्यात जीएसटी आयुक्तांना कळवायची असते. नाही कळवली, तर ती पोहोचेपर्यंत कराची जबाबदारी चालू राहते. फर्मकडून पैसे येणं असलेल्या बाकीच्यांचंही तेच: रजिस्टर्ड फर्म असेल तर फर्मची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाला कळवून राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका तरी मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, तोवर लोकांच्या लेखी तुम्ही आतच. सीए म्हणाले होते, ‘ते सगळं मी बघतो.’ आठवड्याभरातच बँकेचंही पत्र आलं. फर्मचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं, खातं थकीत, जामीनदार मी, तारण आईच्या नावाचं घर. दस्तात मी निवृत्त झालो होतो, पण बँकेकडून हमी सोडवल्याचं पत्र घेतलंच नव्हतं.

वकिलीणबाईंनी आधी तारखा मोजल्या. येण्याचा दावा तीन वर्षांत लावायचा असतो, सप्टेंबर 2019 च्या हप्त्याची तीन वर्षं उलटून गेली होती. वाचलो ते कोविडमुळे: 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळलेला.

भागीदारीच्या मूळ करारात लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाने सोडवायचा. समोरून उत्तर आलं, लवाद म्हणून आपले सीएच बसतील. पक्षाशी असं नातं असलेला माणूस लवाद होऊ शकत नाही, 2015 च्या दुरुस्तीपासून कायद्यात ते स्पष्ट आहे. त्यावर लवाद नेमून घ्यायला मुंबई हायकोर्टात अर्ज. सांगलीहून रात्रीची गाडी, सकाळी कोर्टाबाहेर चहा, पुढची तारीख. (18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच बसलंय. माझ्या वेळी असतं तर निम्मा खर्च वाचला असता.)

लवादासमोर त्यांचा सगळा भर त्या एका ओळीवर. माझ्याकडे बँकेचा उतारा, ज्यात चारच लाख जमा, आणि ‘टाकू नको’वाले मेसेज. फोन दोनदा बदलला होता. बॅकअप राहिला, ही निव्वळ नशिबाची गोष्ट. रक्कम पूर्ण मिळाली असेल तर चेक थांबवायला कोण कशाला सांगेल? लवादांनी हाच प्रश्न विचारला आणि तिथून समोरच्यांची भाषा मवाळ झाली.

शेवटी तडजोड झाली, तिचाच निवाडा करून घेतला. आठ लाखांच्या येण्यावर सहा लाख, व्याज सोडलं. सीसीचं कर्ज त्याने अंगावर घेऊन माझी हमी सोडवायची. जीएसटीपोटी माझ्या खिशातून गेलेले 1 लाख 70 हजार काही परत आले नाहीत. तो पैसा मागत बसलो असतो तर अजून दोन वर्षं गेली असती.

यावेळी हमी सुटल्याचं पत्र हातात पडेपर्यंत मी एकाही पावतीवर सही केली नाही. बँकेतून घराची मूळ कागदपत्रं आणली त्या संध्याकाळी आईने चष्मा लावला, गाठ सोडली आणि पानं मोजायला बसली. तेवीस भरली. तिने पुन्हा एकदा मोजली.