लोरावाला मोटर स्टार्टर: टोलनाक्याला उगाच बोल लावला

आमचं रान वारणेकाठी, घरापासनं नदीवरची मोटर दोन किलोमीटर, आणि लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असती, त्यामुळं रात्री बारा-एकला बॅटरी घेऊन उसातनं नदीवर जायचं हे आबांनी तीस वर्षं केलंय. साप तर हायतच, आता बिबट्याचीपण धास्ती. मोबाईल स्टार्टर लावून बघितला पण काठाला रेंजच नाही. म्हणून गेल्या वर्षी लोराचा, म्हणजे कमी ताकदीत लांब निरोप नेणाऱ्या रेडिओचा, सेट घेतला, ह्याला सिम लागत नाही, घरातल्या डब्यावरचं बटण दाबलं की रेडिओवरनं नदीवरच्या पेटीला निरोप जातो आणि मोटर उचलली की घरी हिरवा दिवा लागतो.

दोन महिने एक नंबर चालला. दिवाळीनंतर मात्र बटण चार-पाच वेळा दाबावं लागायला लागलं, कधी मोटर चालू होऊनपण दिवा लागायचा नाही आणि आबा परत बॅटरी घेऊन निघायचे, तेव्हा लई वाईट वाटायचं. गावात सगळे म्हणायला लागले की हायवेवरच्या किणी टोलनाक्यामुळं होतंय. मलापण पटलं होतं, कारण फास्टॅगचं रीडर आणि आपला लोरा दोन्ही ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ह्याच पट्ट्यात चालतात, ह्या पट्ट्याला आपल्याकडं लायसन लागत नाही, आणि तिथं ४ वॅटपर्यंत फेकायला परवानगी असताना आमचा डबा फेकतो ०.१ वॅट.

कोल्हापुरात शाहूपुरीत इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टचं एक छोटं दुकान आहे, तिथं सहज विषय काढला तर तिथला मुलगा रविवारी लॅपटॉप आणि पेनड्राईव्हएवढा रिसीव्हर घेऊन स्वतः गाडीवर आला. आधी टोलनाक्याजवळ थांबून बघितलं, स्क्रीनवर तिथल्या रीडरच्या सिग्नलचे जाड ठळक पट्टे. मग आमच्या गच्चीवर, तर ते पट्टे जवळजवळ गायब! त्याच्या जागी तिरक्या रेघा, एकीवर एक चढलेल्या. लोराचा सिग्नल असाच दिसतो, फ्रिक्वेन्सी सरकत सरकत वर जाते. तो आबांना म्हणाला, "काका, टोलनाका नव्हे, ही तुमच्या गावातलीच गर्दी आहे."

झालेलं असं, की आमचा सेट बघून गावातल्या आणखी सहा जणांनी तोच घेतला. सगळ्यांचा चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली नेमकी फ्रिक्वेन्सी, कंपनीनं एकच टाकलेला आणि बदलायची सोय नाही. लोरात स्प्रेडिंग फॅक्टर असतो, ७ ते १२, आकडा वाढवला की निरोप लांब जातो पण वेळ खातो, म्हणजे १० बाईटचा निरोप ७ वर साधारण ४० मिलीसेकंदात जातो आणि १२ वर जवळजवळ १ सेकंद लागतो. ह्या सेटमध्ये सगळ्यांना १२ लावलेला, वर प्रत्येक पेटी दर १० सेकंदाला "मी चालू आहे" म्हणून सांगणार. सात पेट्या, म्हणजे १० सेकंदातली ७ सेकंदं नुसती बडबड, आणि कोण बोलतंय का हे ऐकायच्या आधीच प्रत्येक जण बोलणार. आयडी वेगळा असल्यानं दुसऱ्याची मोटर चालू होत नाही हे खरं, पण हवा एकच आहे की! त्यात जवळच्या पेटीचा आवाज मोठा, तो निभावून जातो, आमचा लांबचा मेला.

त्या दुकानातल्या मुलाकडनंच दुसरा सेट घेतला, साडेनऊ हजार बसले. ह्यात चॅनेल आणि फॅक्टर दोन्ही बदलता येतात, पाठवायच्या आधी ऐकतो, उलट उत्तर नाही आलं तर थोडं थांबून परत पाठवतो, आणि बाकी वेळ गप्प, काय बदल झाला तरच सांगतो. फॅक्टर ९ वर आणला तरी दोन किलोमीटर आरामात. एक अडचण अजून होती, घराशेजारी मोबाईल टॉवर आहे आणि ८५० च्या बँडात टॉवर जे फेकतो ते ८६९ मेगाहर्ट्झपासनंच सुरू होतं, म्हणजे अगदी कानाशी लागून, त्यानं घरचा डबा बहिरा व्हायचा. अँटेना टॉवरच्या विरुद्ध भिंतीला नेली, मधे एक छोटा फिल्टर टाकला, बरंच सुधारलं.

कमी काय, तर पेटीचं झाकण पावसाला टिकेल असं वाटत नाही, रबरी पट्टी पातळ आहे, मी सिलिकॉन लावलं. आणि ऊस बारा महिन्यांचा झाला, त्यात पानं ओली असली की सिग्नल पडतो, त्यामुळं नदीवरची अँटेना उसाच्या वर जाईल एवढ्या पाईपवर घ्या, डब्यावरची आखूड काडी चालणार नाही. ह्यासाठी एक स्टार कापला, पाचातले चार. दुकानाला मात्र पाचच, रविवार मोडून आला आणि तपासायचे पैसे घेतले नाहीत.

पेटीवर १० किलोमीटर लिहिलंय का हे बघू नका, चॅनेल बदलता येतो का ते आधी विचारा. आमच्यात आता दूध डेअरीच्या फळ्यावर कुणाचा कुठला चॅनेल ते लिहून ठेवलंय, घुणकीकडचं कोण नवीन सेट घेणार असेल तर आधी तो फळा बघून जावा.