कुठला सिनेमा कुठे पाहावा: मल्टिप्लेक्स, टॉकीज, संग्रहालय की घर?

पुण्यात एकाच शुक्रवारी चार-पाच नवे सिनेमे लागतात आणि घरच्या टीव्हीवर त्याहून जास्त येऊन पडलेले असतात. काय पाहायचं हे बहुतेकांचं ठरलेलं असतं; कुठे पाहायचं हे मात्र पार्किंग, सवलत आणि घरापासूनचं अंतर ठरवतं. मग ‘ठीकठाक आहे’ असं मत घेऊन माणसं परततात. कित्येकदा दोष सिनेमाचा नसतो. अंधारात घडणारी गोष्ट मंद दिव्याच्या पडद्यावर पाहिलेली असते, किंवा लांबवर उभ्या माणसांची दृश्यं मोबाइलवर.

म्हणून आधी सिनेमा ओळखावा, मग जागा निवडावी. ट्रेलर पाहताना तीन गोष्टी कळतात: चौकट किती रुंद आहे, अंधार किती आहे आणि कथा संवादांवर चालते की आजूबाजूच्या आवाजांवर.

चौकटीचं गणित

आजचे बहुतेक सिनेमे दोनपैकी एका मापात असतात. रुंदी आणि उंचीच्या प्रमाणात सांगायचं तर ‘फ्लॅट’ म्हणजे १.८५ : १ आणि ‘स्कोप’ म्हणजे २.३९ : १. घरचा टीव्ही १.७८ : १, त्यामुळे फ्लॅट सिनेमा त्यावर जवळपास पूर्ण बसतो. स्कोपचं तसं नाही. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंमी रुंद आणि ६८ सेंमी उंच असतो. स्कोप लावला की चित्राची उंची ५१ सेंमी उरते, बाकी वर-खाली काळे पट्टे. म्हणजे निसर्ग, गर्दी, लांबून टिपलेली दृश्यं असलेला स्कोप सिनेमा घरी बराच आक्रसतो. जुन्या मराठी-हिंदी सिनेमांचं याउलट आहे. त्यांची चौकट १.३७ : १ असते, टीव्हीची पूर्ण उंची वापरते आणि फक्त बाजूला पट्टे येतात. कृष्णधवल जुना सिनेमा घरी पाहिला तर मापाचं नुकसान सर्वांत कमी.

थेटरातही सगळं आलबेल नसतं. जुन्या मोठ्या टॉकीजमध्ये पडद्याच्या बाजूचे काळे कापडी पट्टे सरकतात आणि स्कोपसाठी पडदा रुंद होतो. मल्टिप्लेक्सच्या लहान पडद्यांवर कित्येकदा रुंदी ठरलेली असते, म्हणून स्कोप सिनेमा उलट लहान दिसतो आणि खाली-वर राखाडी पट्टा उघडा राहतो. आयमॅक्सचं, म्हणजे खास मोठ्या पडद्याच्या थेटराचं, जादा तिकीट काढतानाही हे लक्षात घ्यावं. डिजिटल आयमॅक्सचा पडदा साधारण १.९० : १ असतो. सिनेमा त्या उंच मापात बनवलेला नसेल, तर त्यावरही स्कोपचीच पट्टी दिसते. जादा पैसे मोठ्या पडद्याचे आणि आवाजाचे होतात, जादा चित्राचे नाही.

मल्टिप्लेक्स: आवाजासाठी जावं

मल्टिप्लेक्सची खरी ताकद खुर्चीत नाही, आवाजात आहे. छतावरही स्पीकर असलेल्या ॲटमॉस पडद्याला चौसष्टपर्यंत स्पीकर स्वतंत्रपणे चालवता येतात, आणि थेटरातल्या सिनेमाच्या डिजिटल फायलीत आवाज जागा वाचवण्यासाठी दाबून लहान केलेला नसतो. चित्राच्या माहितीचा प्रवाहही सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. घरी फोर-के पाहताना तो साधारण १५ ते २५ मेगाबिट असतो. धूर, पाऊस, धुकं, पाण्याची लाट यांत हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. कोकणातल्या पावसाचा ‘किल्ला’ घरी पाहिला तर गोष्ट कळते, पण पाऊस अंगावर येत नाही.

खुर्ची निवडताना मात्र सगळे शेवटच्या रांगेतल्या रिक्लायनरकडे धावतात, आणि आवाजाच्या हिशेबाने ती जागा वाईट असते. मागच्या भिंतीवरचा स्पीकर कानाशी येतो, पडदा लहान होतो, आणि पूर्ण आडवं झालं की हनुवटी छातीला टेकते. पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर, मधल्या खुर्च्या धराव्यात. आवाजाची जुळणीही साधारण त्याच भागात मोजून केलेली असते. पडद्याच्या रुंदीच्या एक ते दीडपट अंतरावर बसलं की चित्र डोळा भरून दिसतं आणि खालची उपशीर्षकं वाचायला मान हलवावी लागत नाही.

इथे बिघडतं ते दिव्यावर. साध्या सिनेमासाठी पडद्याची उजळता १४ फूट-लँबर्ट (उजळतेचं एकक) असावी असं मानक आहे. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा जुना होत जातो तशी ती घटते. थ्रीडीसाठीची काच साध्या सिनेमाच्या वेळी समोरच राहिली तरी उजेड बराच मार खातो. ओळखायची खूण सोपी आहे: पांढरी उपशीर्षकं किंवा नामावली मळकट, करडी दिसते. रात्रीच्या दृश्यांचा सिनेमा असेल तर लेझर प्रोजेक्टरचा पडदा शोधावा. कोणत्या पडद्यावर तो आहे हे तिकीटखिडकीवर विचारता येतं.

दुसरा बिघाड मधल्या स्पीकरचा. पार्श्वसंगीत ठणठणीत, पण संवाद लांबून, पडद्याआडून आल्यासारखे वाटले तर पडद्यामागचा मधला स्पीकर गेलेला किंवा त्याची पातळी खाली असते, कारण संवाद जवळजवळ पूर्णपणे तिथूनच येतात. अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांत उठून दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याला नेमकं सांगावं: ‘संवादाचा मधला स्पीकर ऐकू येत नाही’, ‘पडद्याची वरची बाजू कापली जातेय’. ‘आवाज बरोबर नाही’ एवढंच म्हटलं तर सगळाच आवाज वाढवला जातो आणि संगीत कानठळ्या बसवतं. मध्यंतरानंतर सांगून उपयोग कमी. तोवर अर्धा सिनेमा गेलेला असतो.

पैशांचं असं: २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. मूळ दर २५० असेल तर ४५ रुपये कर. चौघांचे ११८० रुपये, आणि ऑनलाइन काढलं तर सुविधा शुल्क वेगळं. तेच सकाळच्या १०० रुपयांच्या खेळाला माणशी १०५. बाहेरचं खाणं अडवण्याचा थेटरमालकाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला आहे, पण पिण्याचं पाणी फुकट मिळायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत नेता यायला हवं, हेही त्याच निकालात आहे. पाण्याची बाटली विकत घेण्याआधी नळ कुठे आहे ते विचारावं.

एकपडदा टॉकीज: माणसांसाठी जावं

आर्यन गेलं, डेक्कनवरचं नटराज गेलं, आणि दर काही वर्षांनी आणखी एखादी पाटी उतरते. जी टॉकीज उरली आहेत त्यांचं मोल फक्त आठवणींत नाही. स्वस्त तिकीट, रुंद पडदा आणि आवाज देणारी माणसं हे तिन्ही एकत्र दुसरीकडे मिळत नाही. ‘सैराट’ २०१६ मध्ये ज्यांनी भरल्या टॉकीजमध्ये पाहिला, त्यांनी गाण्यांवर नाचणारी रांग पाहिली आणि शेवटी तीच रांग थिजलेलीही पाहिली. त्या शेवटाचा धक्का मोठा लागतो, कारण आधीचा दंगा सगळ्यांनी मिळून केलेला असतो. गाणी, मारामारी, विनोद, नायकाची एन्ट्री असलेला सिनेमा पहिल्या शनिवार-रविवारी टॉकीजमध्येच पाहावा.

पण कुजबुजीचा सिनेमा इथे नेऊ नये. मोठ्या, उंच छताच्या दालनात आवाज घुमतो आणि हळू बोललेला संवाद त्यात विरतो. पंख्यांची घरघर असेल तर आणखी. खुर्ची निवडताना बाल्कनीखालचा मागचा भाग टाळावा: वरच्या छज्ज्यामुळे आवाज दबतो आणि कधी पडद्याचा वरचा काठही झाकला जातो. बाल्कनीत गेलात तर पहिली रांग सोडून तिसरी-चौथी घ्यावी, पहिलीत कठडा उपशीर्षकांवर येतो. उपशीर्षकं लागणारा सिनेमा असेल तर ती आहेत का हे फोन करून विचारावं.

संग्रहालय आणि महोत्सव

लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. संग्रहालय उभारणारे पी. के. नायर यांनी तिथे गोळा केलेल्या प्रिंट नसत्या तर आज दाखवायला हातात फार थोडं उरलं असतं. २००३ मध्ये लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मची कित्येक रिळं जळून गेली. काही जुने सिनेमे आज केवळ अर्धवट किंवा खराब प्रतीत दिसतात त्यामागे अशीही कारणं आहेत. २०२२ पासून संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) भाग आहे आणि जुन्या फिल्म फोर-केमध्ये स्कॅन करून दुरुस्त करण्याचं काम तिथे चालतं.

जुन्या सिनेमासाठी पुण्यात याच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. इथे १.३७ ची चौकट कापून रुंद केली जात नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) प्रभात स्टुडिओत घडला, तो परिसर म्हणजे आजची सिनेमा शिकवणारी संस्था एफटीआयआय, याच रस्त्यावर. इंटरनेटवरच्या धुरकट प्रतीत तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांचा चेहरा नुसता पांढरा डाग दिसतो. चांगल्या प्रतीत त्यावरच्या छटा दिसतात, आणि अभंगांचे शब्द सुटे ऐकू येतात.

अडचणी साध्या आहेत. कार्यक्रम थोडे दिवस आधीच कळतो, खेळ बहुधा एकच असतो, आणि जागा आधी येणाऱ्याला मिळते. अर्धा तास आधी पोचावं. गाडी लावण्याच्या शोधात तो अर्धा तास जायला नको असेल तर नळ स्टॉप मेट्रो स्थानकावर उतरून चालत जाता येतं. खाण्याची सोय आत आहे असं धरून चालू नये.

जानेवारीच्या सुमाराला होणाऱ्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात परदेशी सिनेमे दिसतात, ज्यांतले बरेच नंतर भारतात लागत नाहीत. पण पास घेतला म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. लागोपाठचे दोन सिनेमे दोन वेगळ्या ठिकाणी धरले तर दुसऱ्याची रांग हमखास चुकते. दिवसभर एकाच ठिकाणी राहावं आणि तीनहून अधिक सिनेमे धरू नयेत. गाजलेल्या सिनेमाच्या रांगेत तासभर उभं राहण्यापेक्षा शेजारच्या पडद्यावरचा अनोळखी देशाचा सिनेमा पाहणं पुष्कळदा फायद्याचं ठरतं.

घर: दहा मिनिटं सेटिंगला द्यावीत

घरी पाहिलेला सिनेमा कमी प्रतीचा असतो असं सरसकट म्हणणं चूक आहे. संवादांचा, चेहऱ्यांचा, थांबून पुन्हा पाहावंसं वाटणारा सिनेमा घरी छान दिसतो. मात्र नवा टीव्ही दुकानातल्या भडक सेटिंगवर येतो. पहिलं काम म्हणजे चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करणं. सोनीवर ‘मोशनफ्लो’, एलजीवर ‘ट्रूमोशन’. सॅमसंगवर ती चित्राच्या स्पष्टतेच्या सेटिंगमध्ये सापडते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः तयार करतो आणि मग सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. त्यानंतर चित्राची पद्धत ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’वर ठेवावी. ५५ इंची टीव्हीसमोर साडेपाच ते सव्वासात फुटांवर बसावं. आपल्याकडे सोफा बहुधा दहा-बारा फुटांवर भिंतीला टेकलेला असतो, तो ओढावा.

संवाद ऐकू न येण्याचं कारणही इथे वेगळं. टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि ५.१ चा, म्हणजे सहा वेगळ्या वाटांनी येणारा आवाज दोन स्पीकरांत कोंबला जातो. ॲपमध्ये ध्वनीचा पर्याय ५.१ ऐवजी स्टीरिओ निवडला की संवाद बरेचदा वर येतात. शास्त्रीय गायकाच्या गोष्टीच्या ‘द डिसायपल’सारख्या सिनेमात तानपुरा सतत मागे वाजतो आणि छताच्या पंख्याखाली तो पार हरवतो, तिथे साधे तारवाले हेडफोन साउंडबारपेक्षा जास्त देतात.

न्यायालयातल्या खटल्यावरचा ‘कोर्ट’ मात्र मोबाइलवर पाहू नये. कॅमेरा लांब, स्थिर असतो, माणसं चौकटीत लहान असतात आणि महत्त्वाचं कधी कोपऱ्यात घडतं. पाच-सहा इंचांवर ते दिसतच नाही आणि सिनेमा संथ वाटतो.

थांबावं की आत्ताच जावं?

हिंदी सिनेमा साधारण आठ आठवड्यांनी घरी येतो, तेव्हा मध्यम उत्सुकता असेल तर थांबायला हरकत नाही. लहान मराठी सिनेमाचं तसं नाही. तो कोणत्या ॲपवर येईल, येईल की नाही, याची खात्री नसते, आणि थेटरातही त्याचं आयुष्य पहिल्या सोमवारवर ठरतं. शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या की पुढच्या आठवड्यात त्याला सकाळचा किंवा दुपारचा एखादाच खेळ उरतो. कोथरूड, सिंहगड रस्ता या बाजूला मराठीला संध्याकाळच्या वेळा जास्त मिळतात. खराडी-विमाननगरकडे हिंदी, इंग्रजी आणि दाक्षिणात्य सिनेमांची गर्दी असते, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांनी वेळापत्रक आधी पाहून मगच दिवस ठरवावा. पुढच्या आठवड्याच्या वेळा बुधवारी-गुरुवारी उघडतात. फार कमी तिकिटं गेलेला खेळ कधी ऐनवेळी रद्द होतो, तेव्हा निघण्याआधी खुर्च्यांचा नकाशा एकदा पाहावा आणि अगदी रिकामा दिसला तर थेटरात फोन करावा.