दोन लाइन घेतल्या, केबल एकच निघाली

गेल्या आठवड्यात शेजारच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं एक कोटेशन आलं. फर्मचं नाव नवं, जीएसटी नंबर नवा, पण मोबाइल नंबर तोच आणि खालचं वाक्यही तेच: ‘वन टाइम पेमेंट, लाइफटाइम लायसन्स.’ तिथल्या मॅनेजरांनी सहज मला दाखवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. याच माणसाने दीड वर्षापूर्वी आम्हाला सॉफ्टवेअर आणि इंटरनेट लाइन, दोन्हींत फसवलं. साहेबांकडे त्याची शिफारस मीच केली होती, म्हणून हे लिहिणंही माझंच काम आहे.

भोसरी एमआयडीसीत आमचं सुटे भाग बनवण्याचं युनिट आहे, ३८ संगणकांचं. पत्रं, शीट, मेल यांसाठीचं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. दोघांनी वर्षाला भरायचा भाव दिला. हा म्हणाला, ‘मॅडम, दरवर्षी कशाला भरता? एकदाच साडेचार हजार, आयुष्यभर टेन्शन नाही.’ ३८ चे १,७१,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ३०,७८० रुपये. साहेबांना आकडा पटला. मलाही पटला.

पैसे मिळाल्यावर त्याने एक एक्सेल शीट पाठवली. ३८ युजरनेम, ३८ पासवर्ड. लायसन्स म्हणून एवढंच. युजरनेममध्ये आमच्या कंपनीचं डोमेन, म्हणजे @ नंतरचं नाव, नव्हतं, भलत्याच कुठल्या तरी संस्थेचं होतं. मी विचारलं, तर म्हणाला, ‘ते आमचं बॅकएंडचं नाव आहे.’ मी तिथेच थांबायला हवं होतं.

अशी खाती ज्या संस्थेच्या नावावर असतात, तिच्याच ॲडमिनच्या, म्हणजे खाती सांभाळणाऱ्याच्या, हातात राहतात. तो ती बंद करू शकतो, पासवर्ड बदलू शकतो, आतल्या फाइल उघडू शकतो. शाळा-कॉलेजांना सॉफ्टवेअर कंपन्या फुकट किंवा अगदी स्वस्तात खाती देतात. अशा एखाद्या ठिकाणी ॲडमिनचे अधिकार हाती लागले की त्यातलीच खाती बाहेर विकली जातात. आम्हाला मिळालेली त्याच जातीची होती.

सात महिन्यांनी एका सोमवारी सगळ्यांच्या स्क्रीनवर वर लाल पट्टी आली: ‘अनलायसन्स्ड प्रॉडक्ट.’ टायपिंग बंद, सेव्ह बंद. त्याहून वाईट म्हणजे खरेदी विभागातल्या ताई कॉस्टिंगच्या शीट त्याच खात्याच्या क्लाउडवर ठेवत होत्या, कारण सेव्ह केलं की आपोआप तिथेच जायचं. खातं गेलं आणि शीटही गेल्या. जुन्या मेलला जोडलेल्या प्रती शोधून त्यांनी दोन रविवार बसून जमेल तेवढं परत उभं केलं. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचं मला जास्त लागलं.

मग सीएंनी बिल पाहिलं. त्यावर फक्त ‘सॉफ्टवेअर लायसन्स, ३८ नग’. ना सबस्क्रिप्शन नंबर, ना करार क्रमांक. विक्रेत्याने जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरलंच नव्हतं, त्यामुळे आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदी बिलांच्या सरकारी यादीत, हे बिल कधी आलंच नाही. १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही, भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा होत नाही, म्हणजे ते ३०,७८० देखील बुडाले. सीएंनी आणखी एक गोष्ट सांगितली. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा लाल पट्टी दिसल्यावर ‘काहीतरी क्रॅक (लायसन्सची तपासणी चुकवणारा प्रोग्रॅम) टाकून चालवू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

इंटरनेटही त्याच विक्रेत्याकडून होतं. मेन लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आमच्यासाठी राखलेली, ५० एमबीपीएसची आणि ‘दुसऱ्या कंपनीची’ बॅकअप लाइन. महिन्याला दोन वेगळी बिलं, दोन वेगळे राउटर, दोन वेगळे दिवे. पावसाळ्यापूर्वी रस्त्यावर जेसीबी लागला आणि दोन्ही दिवे एकदम विझले. गाडी भरून गेटवर उभी होती. ऑनलाइन काढायचं ई-इन्व्हॉइस नाही, माल वाहतुकीचं ई-वे बिल नाही, म्हणून माल हलेना. शेवटी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बिल काढलं.

लाइन परत आल्यावर मी दोन्हींवरून ट्रेसरूट, म्हणजे डेटा कुठकुठून जातो ते टप्प्याटप्प्याने दाखवणारी चाचणी, चालवला. दोन्हीकडे तिसरा टप्पा एकच. आयपी पत्ते कुणाच्या नावावर आहेत ते पाहिलं, तर एकाच संस्थेच्या. मग ट्रेनी मुलाला घेऊन खांबाखांबाने चालत गेले. कोपऱ्यावरच्या पेटीतून एकच फायबर आमच्या भिंतीपर्यंत येत होती आणि आत आल्यावर तिचे दोन फाटे केले होते. वर्षभर आम्ही एकाच वायरीचं भाडं दोनदा भरलं.

करारात ९९.५ टक्के अपटाइम, म्हणजे लाइन चालू राहण्याची हमी, होता. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ३ तास ३६ मिनिटं बंद चालेल. आमची लाइन ११ तास बंद होती. भरपाई मागितली तर त्याने बारीक अक्षरातलं कलम दाखवलं: फायबर तुटणं ही ‘नैसर्गिक आपत्ती’, ती मोजायची नाही. आणि इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, तो त्याच्या नावावर नव्हताच. बिलं दोन्ही त्याच्याच लेटरहेडवर होती, सेवा देणाऱ्या कंपनीची नव्हती. हे मी पहिल्या महिन्यात पाहू शकले असते.

ग्राहक आयोगात जायचं ठरवलं, पण २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक कामासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा बसत नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास चालू आहे. पैसे आलेले नाहीत.

आता लायसन्स घेतलं की आधी आमच्याच डोमेनच्या ॲडमिन पोर्टलवर ते दिसतंय का पाहते, मग पैसे सुटतात. विक्रेता अधिकृत आहे का, हे बनवणाऱ्या कंपनीला मेल टाकून विचारते. पहिलं जीएसटी बिल २बी मध्ये उतरेपर्यंत दुसरी ऑर्डर देत नाही. बॅकअप लाइन केबलशिवाय, गच्चीवरच्या रेडिओवरून (बिनतारी) घेतली, बिल थेट परवानाधारक कंपनीचं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मेन लाइनची केबल मी स्वतः काढते आणि ताईंना विचारते, ‘चाललंय का?’