१८ ग्रॅमचा पितळी स्पून: जरा वाकवला की कामाचा

येलदरी धरणाच्या पाण्यावर शिवडा माशासाठी हा स्पून, म्हणजे गळ लावलेलं चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष, वापरतोय. वजन चांगलं, वाऱ्यातही लांब जातो. पण पाकिटातून काढून तसाच हळू ओढला तर सरळ येतो, डुलतच नाही. पत्रा जवळपास सपाट, हे कारण. शेपटाकडचा भाग जाड कापडात धरून पकडीनं किंचित वाकवला. आता रीळ सावकाश फिरवलं तरी डावी-उजवीकडं मस्त झोके घेतो. जास्त वाकवू नका, जोरात ओढल्यावर गरगर फिरतो अन् दोरीला पीळ पडतो. मागचा जड तिहेरी गळ काढून हलका एकेरी लावला, डुलणं आणखी मोकळं झालं. पुढची कडी मात्र कच्ची, मोठा मासा लागायच्या आधी बदलाच. पितळ मऊ असल्यानं सहज वळतं, म्हणून पुन्हा हाच घेणार.