गिअर डिबरिंग मशीन: दिवाळीपासून वापरतोय, कोलेटने छळलं

गिअरच्या दातांच्या कडेला राहिलेली धातूची पातळ कोर, म्हणजे बर, काढणारं हे मशीन. आधी त्याच्या कोलेटचंच सांगतो, कारण विकताना कुणी सांगत नाही. हवेच्या दाबावर फिरणाऱ्या एअर ग्राइंडरचा 6 मिमीचा कोलेट, म्हणजे कटर घट्ट धरणारी पकड, सुटा मिळत नाही. "पूर्ण स्पिंडल असेंब्लीच घ्यावी लागेल साहेब," सर्व्हिसवाला फोनवर इतक्या सहज म्हणाला, जणू चहाबरोबर बिस्कीट सुचवतोय. शेकड्यातल्या वस्तूला हजारोंचं बिल! शेवटी इथेच शिरोली एमआयडीसीतल्या एका टूलरूममधून स्प्रिंग स्टीलचा करून घेतला. तो मूळच्यापेक्षा चांगला निघाला, याचा तर जास्तच संताप आला.

मशीन नेहमीचंच. टेबलावर गिअर फिरतो, वर-खाली ग्राइंडर धरलेली दोन तरंगती, म्हणजे थोडी हलू शकणारी, हेड. आमचे गिअर 20एमएनसीआर5 पोलादाचे. हॉबिंगनंतर (हॉब या कटरने दात कापल्यावर) आणि कार्बुरायझिंगच्या (वरचा थर कडक व्हावा म्हणून भट्टीत कार्बन मुरवण्याच्या) आधी चॅम्फर, म्हणजे कडेला तिरका छेद, 0.3 ते 0.5 मिमी. बर राहिली तर ती पातळ कड हीट ट्रीटमेंटमध्ये आरपार कडक होते आणि पुढे गिअरबॉक्समध्ये तुटून पडते. त्यामुळे गिऱ्हाईक इथे सूट देत नाही.

सुरुवातीला कार्बाइडचा कटर एका शिफ्टमध्ये दात गाळायचा. डीलर म्हणाला, कटर स्वस्तातला आहे. महागातला आणला, तोही तसाच गेला. मग मोजायला डायल गेज लावला. रन-आउट, म्हणजे फिरताना कटरचा हेलकावा, 0.08 मिमी! एवढा हेलकावा असला की कटरचे दोन-तीनच दात सगळं काम ओढतात, बाकीचे कोरेच राहतात, आणि कार्बाइडला ठोका अजिबात सोसत नाही. नवा कोलेट बसवल्यावर 0.02च्या आत आलं, आणि तोच स्वस्तातला कटर आठवडाभर चालायला लागला.

दुसरं दुखणं हवेचं. कॉम्प्रेसरवर काटा 7 बार दाखवतो, पण ग्राइंडर चालू असताना त्याच्या तोंडाशी 6 बार पाहिजेत. आमच्या लांबलचक बारीक नळीतून साडेचारच पोचत होते. 10 मिमीच्या कटरला साधारण 18 हजार आरपीएम लागतात. फेरे कमी पडले की तो कापायचं सोडून आदळतो, ऑपरेटर हेडचा दाब वाढवतो, कटर तापून निळा पडतो आणि ब्रेझिंगचा (पितळी डाखाचा) जोड सुटून डोकं शँकवरून, म्हणजे दांड्यावरून, निसटतं. नळी मोठ्या बोअरची केली आणि हेडचा दाब उलट कमी केला.

एवढं करूनही मी पाचपैकी दोनच देणार होतो. मत फिरलं ते हॉबिंगवरच्या मामांमुळे. "मालक, कटरला कशाला बोल लावताय? हॉब बघा की." हॉब बोथट झाला की बर जाड येते, आणि चॅम्फरच्या आधी कटरला तीच खावी लागते. आता हॉब वेळेवर शिफ्ट करतो, म्हणजे थोडा सरकवून त्याचे ताजे दात कामाला लावतो, आणि धारेला लवकर काढतो. सपाट गिअर एकावर एक रचून कापतो आणि सगळ्यात खालच्या ब्लँकखाली (दात न कापलेल्या तबकडीखाली) भंगारातली एक चकती घालतो. बर त्या चकतीवर निघते, मधल्या गिअरना फारशी येतच नाही. कटरचा खर्च वाचला तो खरा इथे, आणि त्यासाठी एक रुपयाही नवा घातला नाही.

मशीनला आता चार.

पावसाळ्यात मात्र लक्ष ठेवा. नळीतून पाणी आलं की ग्राइंडरच्या व्हेन, म्हणजे हवेने फिरणाऱ्या आतल्या पात्या, चिकटतात आणि फेरे परत कमी पडतात. आम्ही रोज सकाळी टाकीचा कॉक उघडून पाणी काढतो आणि एफआरएलमधलं (हवा गाळून, दाब नेमून तिला तेल देणाऱ्या युनिटमधलं) तेल बघतो, मगच मशीन चालू.