जुने सेल आणि बिघडलेली उपकरणे: नऊ महिन्यांच्या घरगुती संकलनाचा अनुभव

गेल्या जुलैमध्ये माळा आवरताना एका पत्र्याच्या डब्यात मला ३९ वापरलेले सेल सापडले. भिंतीवरच्या घड्याळाचे, रिमोटचे, टॉर्चचे आणि सासऱ्यांच्या ट्रान्झिस्टरचे सेल त्यांत होते. ते कचऱ्यात टाकू नयेत एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. द्यायचे कोणाला हे मात्र कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे तसेच साठत गेले होते. पावसाळ्याच्या दमट हवेत निम्म्या सेलांवर पांढरा थर चढला होता. अल्कलाइन सेल गळला की आतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन हा थर तयार होतो. हायड्रॉक्साइड त्वचेला आणि डोळ्यांना इजा करते, हे समजल्यावर मी हातमोजे घालून डबा रिकामा केला आणि घरात वेगळी व्यवस्था लावली. तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे नऊ महिने, ती मी नेमाने वापरली आहे.

व्यवस्था साधी आहे. पेन्सिल सेल आणि घड्याळाचे सेल झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत कोरड्या जागी ठेवायचे. बटन सेल मात्र दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळ्या डबीत, लहान मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचावर ठेवायचे, कारण गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. मोबाइलच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक यांसाठी मी मातीची कुंडी घेतली, तिच्यात कोरडी वाळू भरली आणि ती सज्जात, ऊन-पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवली. लिथियम बॅटरीची दोन टोके एकमेकांशी किंवा धातूशी जोडली गेली तर ती तापते आणि पेट घेऊ शकते, म्हणून उघड्या टोकांवर आधी चिकटपट्टी लावते.

या कुंडीचा उपयोग ऑक्टोबरमध्ये कळला. दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या खणात भाच्याचा जुना फोन सापडला. त्याचे मागचे झाकण बॅटरी फुगल्यामुळे वर उचलले गेले होते. आतील द्रव्याचे विघटन होऊन वायू साठला की बॅटरी अशी फुगते. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्जिंगला लावू नये. आम्ही फोन न उघडता अलगद वाळूत ठेवला आणि दुसऱ्याच आठवड्यात ई-कचरा गोळा करणाऱ्या संकलकाच्या हाती दिला. आधीची सवय असती तर तो कागदपत्रांच्या शेजारी, लाकडी खणातच पडून राहिला असता.

सगळ्यात जास्त वेळ हा माल घेणारा शोधण्यात गेला. आमच्या पुण्यातील सहकारनगरच्या इमारतीत २४ सदनिका आहेत आणि सोसायटीच्या बैठकीत एकत्रित संकलन ठरवले होते. पहिल्या वेळी बोलावलेल्या संकलकाने जुना टीव्ही, मिक्सर आणि संगणकाचे सुटे भाग नेले. सेल आणि ट्यूब नाकारल्या आणि पावतीही दिली नाही. सेल का नाकारले याचे कारण मला नंतर उमगले. सर्किट बोर्डमधून तांबे आणि थोडे सोने मिळते, पण पेन्सिल सेलमधील जस्त आणि मँगनीज यांना फारशी किंमत येत नाही. म्हणूनच २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी गोळा करण्याची आणि पुनर्चक्रणाची जबाबदारी बॅटरीच्या उत्पादकांवर टाकली आहे. आपल्यावर या नियमांनी टाकलेले काम एवढेच, की वापरलेल्या बॅटऱ्या मिश्र कचऱ्यात न मिसळता वेगळ्या ठेवून योग्य यंत्रणेकडे द्यायच्या.

दुसऱ्या वेळी मी आधीच तीन प्रश्न विचारले: माल शेवटी कोणत्या पुनर्चक्रणकर्त्याकडे जातो, त्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आहे का, आणि वजनासह पावती मिळेल का. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत नोंदणी उत्पादक, निर्माते, दुरुस्तीकार आणि पुनर्चक्रणकर्ते यांची होते. दारी येणारा माणूस बहुधा मधला दुवा असतो, त्यामुळे पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. या नियमांनी उपकरणांची यादीही आधीच्या २१ प्रकारांवरून १०६ प्रकारांपर्यंत वाढवली असून इस्त्री, टोस्टर यांसारख्या वस्तू तिच्यात आल्या आहेत. दुसऱ्या संकलकाने समाधानकारक उत्तरे दिली, सेलही घेतले आणि दोन फेऱ्यांत मिळून ६१ किलो मालाची पावती दिली.

आमच्या गल्लीतील भंगारवाल्याविषयी मला आदर आहे आणि लोखंड, पत्रा, रद्दी मी आजही त्यालाच देते. तारा आणि बोर्ड यांच्याबाबत मात्र तो स्वतःच म्हणाला, "काकू, मी पुढे विकतो, तिथं काय करतात ते मला माहीत नाही." तांब्यासाठी प्लॅस्टिकची तार उघड्यावर जाळली की डायॉक्सिनसारखे विषारी धूर निघतात, त्यामुळे तारेचे आणि चार्जरचे दोन पैसे मला नको आहेत. सुका कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या ताईंशीही मी बोलले. फुटकी ट्यूब पिशवीत आली की हात कापतो, असे त्यांनी सांगितल्यावर मी इमारतीच्या सूचनाफलकावर ट्यूबसाठी स्वतंत्र सूचना लावली. ट्यूब आणि सीएफएल यांत थोडा पारा असतो. घरात एखादी फुटली तर आधी खिडक्या उघडाव्यात, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत आणि उरलेला चुरा ओल्या कागदाने टिपावा.

इन्व्हर्टरची बॅटरी हाच यातला सर्वांत सोपा भाग ठरला: नवी घेताना दुकानदाराने जुन्या बॅटरीची किंमत धरून ती परत घेतली. तिच्यात शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल असल्यामुळे ती आडवी न करता न्यावी, एवढेच पथ्य. फ्रिज बदलताना मात्र मला दुकानातील माणसाशी बराच वेळ बोलावे लागले, कारण जुना फ्रिज कोठे फोडला जाईल आणि नळी कापून आतील वायू हवेत सोडला जाईल का, याचे उत्तर त्याच्याकडे तयार नव्हते. त्याने वरिष्ठांना विचारून पुनर्चक्रण करणाऱ्या कंपनीचे नाव कळवले, तेव्हाच मी फ्रिज हलवू दिला.

उणिवाही आहेत. संकलक थोड्या मालासाठी येत नाहीत, त्यामुळे एकट्या घराला ही व्यवस्था जड जाते. सहा-सात घरे एकत्र आली तरच फेरी जमते. गणपतीनंतर रोषणाईच्या माळांचा आणि अडॅप्टरचा ढीग एकदम येतो आणि साठवायला जागा कमी पडते. जुन्या फोनमधील आणि लॅपटॉपमधील माहिती पुसणे हे काम वेळखाऊ असून वयस्कर शेजाऱ्यांना ते स्वतःचे स्वतः जमत नाही. म्हणून आता प्रत्येक फेरीच्या आधीच्या रविवारी इमारतीतील दोन मुले सायंकाळी तळमजल्यावर बसून ते करून देतात. चार ट्यूब अद्याप खोक्यात, माळ्यावर आहेत. पारायुक्त दिवे घेणाऱ्या पुनर्चक्रणकर्त्याशी माझे बोलणे चालू आहे आणि पुढील फेरी जूनच्या पहिल्या रविवारी ठरली आहे.